बटणावर काय लिहावे : संकेतस्थळावरील आणि ईमेलमधील आवाहनाविषयी

दिवाळी अंकाची आगाऊ नोंदणी सुरू झाली की अनेक नियतकालिके आपल्या वाचकांना ईमेल पाठवतात. त्यात मुखपृष्ठ असते, लेखकांची यादी असते, संपादकांचे मनोगत असते. आणि हे सारे वाचून झाल्यावर, अगदी तळाशी, बारीक निळ्या अक्षरांत ‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा’ अशी एक ओळ असते. तिच्या शेजारी फेसबुकची खूण, यूट्यूबची खूण, मागील वर्षीच्या अंकाची लिंक आणि ‘आमच्या संकेतस्थळाला भेट द्या’ अशी विनंतीही असते. अंक घ्यायचाच असे मनाशी ठरवलेला वाचक येथपर्यंत येतो, बोट नेमके कोठे ठेवावे हे त्याला उमगत नाही, ‘नंतर पाहू’ म्हणून तो मेल बंद करतो आणि ते ‘नंतर’ बहुधा राहूनच जाते.

वाचकाने पुढे काय करायचे हे सांगणाऱ्या बटणाला किंवा लिंकला या व्यवसायात ‘कॉल टू ॲक्शन’ किंवा नुसते ‘सीटीए’ म्हणतात. या लेखात त्यासाठी ‘आवाहन’ हा शब्द वापरला आहे. उदाहरण शेवटपर्यंत दिवाळी अंकाचेच घेतले आहे, कारण प्रकाशनपूर्व सवलत, ठरावीक मुदत, टपालखर्च, गावोगावचे आणि परदेशांतील वाचक अशा सगळ्या अडचणी त्या एकाच व्यवहारात भेटतात. शिबिराची नाव-नोंदणी, संस्थेसाठी देणगी किंवा दवाखान्यातील वेळ यांनाही हेच थोड्याफार फरकाने लागू पडते.

आधी एकच काम ठरवावे

मजकूर लिहायला घेण्यापूर्वी कागदावर एक वाक्य पुरे करावे : ‘हे वाचून झाल्यावर वाचकाने अमुक करावे.’ या वाक्यात ‘आणि’ आला, तर दोन मेल लिहावे लागणार आहेत असे समजावे. अंक मागवणे, जुने अंक चाळणे आणि यूट्यूबवरील मुलाखत ऐकणे ही तिन्ही कामे चांगली आहेत. पण ती एकाच मेलमध्ये शेजारी-शेजारी उभी केली की सर्वांत सोपे आणि बिनखर्चाचे काम वाचकाच्या हातून होते, म्हणजे तो मुलाखत लावतो आणि अंक मागवायचा राहतो.

संकेतस्थळावर एवढे काटेकोर राहता येत नाही, कारण तेथे येणारे सगळे एकाच कामासाठी आलेले नसतात. तेथे एक मुख्य आवाहन भरीव रंगाच्या बटणात ठेवावे आणि दुसरे, उदाहरणार्थ ‘अनुक्रमणिका पाहा’, नुसत्या चौकटीत किंवा साध्या लिंकच्या रूपात ठेवावे. दोन्ही बटणे सारख्याच रंगाची आणि आकाराची असतील, तर निवडीचा भार वाचकावर पडतो. पान लांबलचक असेल तर मुख्य आवाहन वर, मध्ये आणि शेवटी असे पुन्हा द्यायला हरकत नाही, मात्र शब्द तेच ठेवावेत. वर ‘अंक मागवा’, मध्ये ‘नोंदणी करा’ आणि खाली ‘आजच खरेदी करा’ असे लिहिल्यास ही तीन निरनिराळी कामे आहेत की काय, अशी शंका येते.

शब्द : मराठीत क्रियापद शेवटी येते

आवाहनाविषयीचे बहुतेक सल्ले इंग्रजीतून आलेले आहेत आणि त्यांतला पहिला सल्ला ‘क्रियापदाने सुरुवात करा’ हा असतो. इंग्रजीत तो सहज पाळता येतो, पण मराठी वाक्याचा भार शेवटच्या शब्दावर असतो. ‘दिवाळी अंकाची प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदणी करा’ एवढे शब्द बटणावर घातले, तर फोनच्या अरुंद पडद्यावर ‘दिवाळी अंकाची प्रकाशनपूर्व…’ एवढेच दिसते आणि पुढची तीन टिंबे नेमके क्रियापद गिळून टाकतात. बटण उरते, पण ते काय करायला सांगते हे कळत नाही.

यावर ‘मागवा दिवाळी अंक!’ अशी वाक्याची उलटापालट करणे हा उपाय नव्हे, कारण ती फेरीवाल्याची हाळी वाटते. विशेषणे आणि मुदत बटणावरून काढून त्याच्या वरच्या ओळीत न्यावीत आणि बटणावर फक्त नाम व क्रियापद ठेवावे. वरच्या ओळीत ‘प्रकाशनपूर्व सवलत ३० सप्टेंबरपर्यंत’ आणि बटणावर ‘अंक मागवा’ एवढे पुरते. दोन शब्द, फार तर तीन.

क्रियापद निवडताना ‘करा’च्या आहारी जाऊ नये. नोंदणी करा, खरेदी करा, डाउनलोड करा, सबमिट करा अशी रांग लागली की सगळी बटणे एकसारखी दिसू लागतात, कारण शेवटचा शब्द सगळीकडे तोच असतो. मराठीत मागवा, भरा, कळवा, पाठवा, निवडा, विचारा, राखून ठेवा अशी नेमकी क्रियापदे हाताशी आहेत. ‘सबमिट करा’ हे तर अर्ज स्वीकारणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले शब्द आहेत. वाचकाच्या बाजूने पाहिले तर तो पत्ता देत असतो, प्रश्न पाठवत असतो किंवा पैसे भरत असतो, आणि बटणावर तेच असावे. ‘संपर्क करा’ ही हिंदीची छाया आहे. मराठीत संपर्क साधतात, पण त्याहूनही ‘संपादकांना लिहा’ किंवा ‘कार्यालयात फोन करा’ हे अधिक स्पष्ट आहे. ‘सदस्यता घ्या’ हेही तसेच. नियतकालिकांच्या जगात ‘वर्गणीदार व्हा’ आणि ‘वर्गणी भरा’ हे दोन शब्दप्रयोग रुळलेले आहेत व त्यांचे काम वेगळे आहे : पहिल्यात नाते जोडण्याचा सूर आहे, म्हणून तो माहितीच्या पानावर शोभतो, दुसऱ्यात खिशात हात घालावा लागतो, म्हणून तो पैसे भरण्याच्या पानावर प्रामाणिक ठरतो. (‘पाहा’ लिहायचे की ‘पहा’, हेही एकदाच ठरवून टाकावे. नियमाने ‘पाहा’ बरोबर आहे. पण एकाच पानावर दोन्ही रूपे दिसणे हे त्यांपैकी कोणत्याही एका रूपापेक्षा वाईट दिसते.)

संबोधनाचा प्रश्न मराठीत टाळता येत नाही. मेलभर ‘आपण’ म्हणून शेवटच्या बटणावर ‘बुक कर’ लिहिणाऱ्या जाहिराती दिसतात. तरुणांसाठीच्या उपक्रमात ‘तू’ चालेल, पण मग तो पहिल्या ओळीपासून असावा. ‘करावी’, ‘भरावे’ ही रूपे सूचनाफलकाची आहेत. ती नियमावलीत ठीक दिसतात, बटणावर मात्र दूरची वाटतात. ‘कृपया’ हा शब्द वरच्या वाक्यात ठेवावा. बटणावर तो जागा खातो.

बटणावरील मजकूर वाचकाच्या तोंडी, म्हणजे प्रथमपुरुषी असावा, असाही एक इंग्रजी सल्ला आहे. तो जसाच्या तसा आणला तर ‘मी नोंदणी करतो’ असे होते आणि स्त्री-वाचक बाहेर राहतात. ‘करतो/करते’ लिहिले तर सरकारी अर्ज वाटतो. लिंग न दाखवणारी रूपे मराठीत आहेत, ती वापरावीत. कार्यक्रमाच्या निमंत्रणात ‘मी येणार’ आणि ‘मला जमणार नाही’ ही दोन बटणे फार सुंदर काम करतात.

अनुवादातून होणारा सर्वांत घातक घोटाळा ‘रद्द करा’चा आहे. वाचक आपली मागणी मागे घेऊ पाहतो, तेव्हा पडद्यावर ‘आपली मागणी रद्द करायची आहे का?’ असा प्रश्न येतो आणि खाली दोन बटणे असतात : ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’. आता ‘रद्द करा’ दाबल्याने मागणी रद्द होते की रद्द करण्याचा विचार रद्द होतो? इंग्रजी ‘कॅन्सल’चे यंत्रवत भाषांतर प्रत्येक चौकटीत बसवल्याने हे घडते. ‘मागणी रद्द करा’ आणि ‘मागणी राहू द्या’ असे लिहिले की प्रश्न न वाचताही उत्तर देता येते.

‘येथे क्लिक करा’ हे शब्द टाळावेत, असे वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००१ मध्येच सुचवले होते. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या मदतीने पानावरील लिंकची यादी ऐकतात. त्या यादीत सात वेळा ‘येथे क्लिक करा’ ऐकू आले, तर त्यांनी काय समजावे? लिंकच्या शब्दांतच ठिकाण यावे : ‘अंकाची अनुक्रमणिका पाहा’. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद करून घ्यावी, म्हणजे स्क्रीन रीडरला योग्य उच्चार निवडता येतात.

वाचक किती तयार आहे

बटणाचे शब्द वाचकाच्या तयारीशी जुळले पाहिजेत. बराक ओबामा यांच्या प्रचारमोहिमेने डिसेंबर २००७ मध्ये आपल्या संकेतस्थळाच्या नोंदणीपानावर चार प्रकारची बटणे आणि सहा प्रकारची छायाचित्रे व चित्रफिती यांच्या सर्व जोड्या सुमारे ३ लाख १० हजार भेटींवर तपासल्या. ‘नाव नोंदवा’ या अर्थाच्या मूळ बटणापेक्षा ‘अधिक जाणून घ्या’ या अर्थाचे बटण १८.६ टक्क्यांनी सरस ठरले. ओबामांच्या कुटुंबाच्या छायाचित्रासह त्या पानावरील नोंदणीचे प्रमाण ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेले. ही हकिकत ऐकून सगळीकडे ‘अधिक जाणून घ्या’ लिहिणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि ते चूक आहे. त्या पानावर येणारे अनेक जण उमेदवाराला नुकतेच ओळखू लागले होते. दहा वर्षे अंक घेणाऱ्या वर्गणीदाराला ‘अधिक जाणून घ्या’ म्हणणे म्हणजे घरच्या माणसाला दारात थांबवून ओळख विचारणे होय. त्याला थेट ‘या वर्षीचा अंक मागवा’ म्हणावे, आणि यादीत नुकत्याच आलेल्या वाचकाला आधी एखादी कथा वाचायला द्यावी.

दुसरे उदाहरण संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अमेरिकी तज्ज्ञ जॅरेड स्पूल यांनी २००९ मध्ये मांडले. एका मोठ्या विक्रेत्याच्या संकेतस्थळावर पैसे भरण्याआधी ‘खाते उघडा’ अशी अट होती. ते बटण काढून त्या जागी ‘पुढे चला’ हे बटण आणि ‘खरेदीसाठी खाते असण्याची गरज नाही’ अशा अर्थाची ओळ घातल्यावर खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले आणि पहिल्या वर्षात ३० कोटी डॉलरची भर पडली. बटणाखालची अट किती महाग पडते, हे यावरून दिसते. दिवाळी अंक एकदाच मागवणाऱ्याकडून पासवर्ड मागण्याचे काहीही कारण नाही. नाव, पत्ता, पिनकोड आणि फोन पुरतो.

बटणाच्या आसपास

दाबण्याआधी वाचकाच्या मनात दोन-तीन शंका हमखास असतात : टपालखर्च धरून किती पडेल, अंक केव्हा पोहोचेल, पत्ता चुकला तर काय. त्यांची उत्तरे प्रश्नोत्तरांच्या वेगळ्या पानावर नकोत. बटणाखालच्या एका लहान ओळीत असावीत. ‘टपालखर्चासह ₹४१०. अंक वसुबारसेपूर्वी हाती येईल.’ ही ओळ कोणत्याही उद्गारचिन्हापेक्षा जास्त काम करते, अर्थात ती खरी असेल तरच लिहावी. पैसे भरण्याच्या अखेरच्या पायरीवर रक्कम बटणावरच असावी : ‘₹४१० भरा’. आधीच्या पानावर ₹३५० दिसून येथे ₹४१० उमटले, तर वाचक तेथेच थांबतो आणि त्याचे थांबणे रास्त असते.

परदेशांतील वाचकांचा विचार सुरुवातीपासून करावा. न्यू जर्सीतील वाचकाने मेलमधील बटण दाबले आणि पुढे फक्त यूपीआयचा चौकोनी कोड आला, तर ते बंद दार आहे. त्याच्यासाठी ‘परदेशात अंक मागवा’ अशी स्वतंत्र लिंक, तिकडचे कार्ड चालेल अशी सोय आणि तेथला टपालखर्च हवा. मुदतीपुढे ‘भारतीय वेळेनुसार’ हे दोन शब्दही हवेत.

लहान प्रकाशकांकडे बरीच मागणी व्हॉट्सॲपवरूनच येते, आणि ते मान्य करून तेच आवाहन करणे शहाणपणाचे आहे. ‘व्हॉट्सॲपवर मागणी कळवा’ या बटणाच्या लिंकमध्ये संदेशाचा मजकूर आधीच भरून ठेवता येतो. ‘दिवाळी अंकाची १ प्रत हवी आहे. पत्ता :’ एवढे तयार मिळाले की वाचक पुढचे सहज लिहितो. कोरी चौकट मिळाली की तो नुसते ‘नमस्कार’ पाठवून थांबतो.

देवनागरी अक्षरे आणि बोटे

बहुतेक तयार नमुने रोमन लिपीसाठी आखलेले असतात. त्यांतली ओळींची उंची तशीच ठेवली तर ‘नोंदणी’वरचा अनुस्वार किंवा ‘पूर्ण’मधला रफार बटणाच्या वरच्या कडेला कापला जातो आणि खालचे उकार तळाला टेकतात. अक्षरांमधील अंतर वाढवण्याची फॅशन देवनागरीत शिरोरेखा तोडते, म्हणून ते अंतर शून्य ठेवावे. रोमनमध्ये मोठ्या लिपीतली अक्षरे वापरून ठसा उमटवतात. आपल्याकडे ती सोय नाही, म्हणून जाड वळण आणि एक-दोन अंकांनी मोठा आकार घ्यावा. लिंकखालची रेघ उकारांना छेदत असेल तर ती थोडी खाली सरकवावी. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर बटणावर चिकटवला तर वाचकाला निरर्थक चिन्हे दिसतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

मापांचे सांगायचे तर ऑक्टोबर २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुलभतेच्या मानकात दाबण्याच्या जागेसाठी किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितले आहेत. ॲपलची शिफारस ४४ पॉइंटची आणि गूगलची अँड्रॉइडसाठीची ४८ एककांची आहे. साध्या आकाराची अक्षरे आणि बटणाचा रंग यांतील उठावाचे (कॉन्ट्रास्टचे) प्रमाण किमान ४.५ : १ असावे. केशरी बटणावर पांढरी अक्षरे सणासुदीला साजरी दिसतात, पण बहुतेकदा या कसोटीला उतरत नाहीत. लाल चांगला की हिरवा, या चर्चेत वेळ घालवू नये. शेजारच्या मजकुरापासून बटण वेगळे उठून दिसते की नाही, एवढेच पाहावे.

ईमेलच्या खास अडचणी

ईमेलमधील बटण चित्र म्हणून कधीही घालू नये. अनेक ठिकाणी चित्रे आपोआप उघडत नाहीत आणि मग बटणाच्या जागी रिकामी चौकट राहते. विंडोजवरील जुने, ‘क्लासिक’ आउटलुक तर २००७ च्या आवृत्तीपासून मेल दाखवण्यासाठी वर्डचे यंत्र वापरत आले आहे, त्यामुळे गोल कडा आणि पार्श्वचित्रे त्याच्यात बिघडतात. रंगीत चौकटीत लिहिलेली साधी लिंक सगळीकडे टिकते.

जीमेल साधारण १०२ केबीहून मोठा मेल कापून उरलेला भाग एका लिंकमागे लपवतो. मराठीला हे जास्त लागते, कारण युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते, रोमन अक्षर एकच. संपादकांचे संपूर्ण मनोगत आणि चाळीस लेखकांची नावे मेलमध्ये ओतली, वर नमुन्याचे जडशीळ कोडही आले, की शेवटचे बटण कात्रीत सापडते. म्हणून पहिले आवाहन दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदानंतर यावे आणि मनोगत संकेतस्थळावर ठेवावे.

मेलचा विषय आणि बटण एकाच गोष्टीविषयी बोलत असावेत. विषयात ‘आपल्यासाठी एक भेट’ आणि आत ‘अंक मागवा’ असेल तर मेल उघडला जातो, पण उघडणारा चिडतो. यादीतून बाहेर पडण्याची लिंक लपवू नये. मोठ्या संख्येने (जीमेलच्या हिशेबाने दिवसाला सुमारे ५,००० किंवा अधिक) मेल पाठवणाऱ्यांसाठी जीमेल आणि याहू यांनी २०२४ पासून एका दाबात बाहेर पडण्याची सोय बंधनकारक केली आहे, आणि ‘स्पॅम’ म्हणून होणाऱ्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. बाहेरची वाट न सापडलेला वाचक ‘स्पॅम’चे बटण मात्र बरोबर शोधतो.

घाई खरी असावी

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि १३ फसव्या प्रकारांची नावे घेतली. खोटी घाई हा त्यांपैकी पहिला. पान पुन्हा उघडले की पुन्हा दहा मिनिटांपासून सुरू होणारे घड्याळ, किंवा गोदामात हजार प्रती असताना ‘शेवटच्या ३ प्रती’ हे त्यात बसते. वाचकाला न विचारता टोपलीत देणगी किंवा वस्तू घालणे हा दुसरा प्रकार. नकार देणाऱ्याला लाजवणे हा तिसरा; विमानाच्या तिकिटासोबत विमा न घेणाऱ्याच्या तोंडी ‘मी असुरक्षितच राहीन’ अशा अर्थाचे शब्द घालण्याचे उदाहरण त्या तत्त्वांतच दिलेले आहे. ‘नको, मला मराठी साहित्यात रस नाही’ हे बटण लिहिणाऱ्याला ते विनोदी वाटत असेल, पण ते याच जातीचे आहे. ‘आत्ता नको’ एवढे पुरे. प्रकाशनपूर्व सवलतीला खरी मुदत असतेच. ती तारखेनिशी सांगावी आणि त्या तारखेनंतर खरोखर बंद करावी, नाहीतर पुढच्या वर्षी तारखेवर कोणी विश्वास ठेवत नाही.

मोजणे

किती जणांनी मेल उघडला, या आकड्यावर विसंबू नये. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये वाचकाने मेल न पाहताही चित्रे आधीच उतरवून घेण्याची सोय आली, त्यामुळे उघडण्याचे प्रमाण फुगलेले दिसते. कार्यालयांतील सुरक्षा-यंत्रणा लिंक आपोआप तपासतात, म्हणून क्लिकचे आकडेही थोडे फुगतात. खरा आकडा पूर्ण झालेल्या मागण्यांचा.

दोन मजकुरांची तुलना करण्यास पुष्कळ वाचक लागतात. यादीत १,८०० जण आहेत, ९०० जणांना एक बटण दाखवले आणि १८ मागण्या आल्या, उरलेल्या ९०० जणांना दुसरे दाखवले आणि २४ आल्या, तर दुसरे बटण जिंकले असे म्हणता येत नाही. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. २ टक्क्यांवरून २.४ टक्के झाल्याचे खात्रीने सांगण्यासाठी नेहमीच्या निकषांनी प्रत्येक बाजूला सुमारे २०,००० वाचक लागतात. एवढी यादी नसेल तर तुलनेचा नाद सोडून पाच ओळखीच्या माणसांच्या हाती फोन द्यावा, ‘हा अंक मागवा’ म्हणावे आणि गप्प बसून पाहावे. त्यांचे बोट जेथे घुटमळेल, तेथे शब्द बदलावेत.

पाठवण्याच्या आदल्या संध्याकाळी तो मेल स्वतःला पाठवावा, जुन्या फोनवर चित्रे बंद ठेवून उघडावा, आणि त्यातील बटण दाबून खरोखर पैसे भरून एक अंक आपल्याच घरच्या पत्त्यावर मागवावा. पत्ता मराठीत भरावा. पैसे भरल्यावर नुसते ‘धन्यवाद’ दिसते की मागणीचा क्रमांक आणि पत्ता दुरुस्त करण्यासाठीचा फोन दिसतो, हे तपासावे. आणि पाकीट दारात आले की त्यावरील पत्त्याच्या जागी अक्षरांऐवजी रिकामे चौकोन छापले गेले आहेत का, तेही पाहून घ्यावे.